न बनवलेल्या आयडिया सांगाव्यात का, कुणाला आणि किती

आधी प्रश्न काय होता ते. तासगावकडचा एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याच्याकडं तीन आयडिया आहेत. एक बेदाण्याचे रोजचे भाव दाखवणारी साईट, दुसरी जात्यावरच्या ओव्यांची ऑडिओ सिरीज, आणि तिसरी "मोठी आहे म्हणून सांगत नाही" असं तो म्हणतोय. बनवायला पैसा नाही, टीम नाही. तर या आयडिया लोकांना सांगू का, सांगितल्या आणि कुणी चोरल्या तर काय, आणि ऐकणाऱ्याकडनं आधी एनडीएवर, म्हणजे "हे बाहेर कुणाला सांगणार नाही" अशा करारावर, सही घेऊ का, असं विचारलंय.

मी सांगलीत विश्रामबागला सोळा-सतरा वर्षं झाली वेबसाईट, व्हिडिओ, लाईव्ह, असली कामं करतोय. हळदीच्या अडत्यापासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत सगळं केलंय. वयानं बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको.

पहिलं म्हणजे ती तिसरी आयडिया. तू लपवलीस ना, तिचं काहीही होणार नाही बघ. शाप देत नाही, माझ्या कपाटात एक लांबट लाल वही आहे त्यावरनं सांगतोय, किराणा दुकानात उधारी लिहायला असतीय तसली. तिच्यात २००९ पासनं लिहिलेल्या माझ्या "मोठ्या" आयडिया आहेत, आणि ज्या ज्या मी मोठ्या म्हणून कुणाला सांगितल्या नाहीत त्या सगळ्या अजून तिथंच आहेत. ज्या चहाच्या गाड्यावर बडबडलो त्यातल्या चार-पाच तरी उभ्या राहिल्या, काही माझ्या हातनं, काही दुसऱ्याच्या.

चोरीचं म्हणशील तर चोरणारा माणूस नेमका कोण असणार ते जरा डोळ्यासमोर आण. त्याला तुझी आयडिया पटायला पाहिजे, मग त्यानं स्वतःचं चालू काम सोडायला पाहिजे, मग वर्ष दोन वर्षं झिजायला पाहिजे, आणि हे सगळं दुसऱ्याच्या डोक्यातनं आलेल्या गोष्टीसाठी. इथं लोकांना स्वतःच्याच आयडियेवर रविवारची दुपार घालवायचा कंटाळा येतोय की रे. मला आजवर कित्येक जणांनी आयडिया सांगितल्यात, पार्किंगमध्ये, लग्नात, एकानं तर मयताच्या ठिकाणी सांगितली. त्यातली एकही मी चोरली नाही आणि त्यात माझा मोठेपणा काही नाही, मला वेळच नव्हता.

आणि आयडिया "आपली" असतीय म्हणजे काय हे सांगलीच्या माणसाला तरी वेगळं सांगायला नको. कर्नाटकातली भागवत मंडळी इकडं खेळ करायला आली होती १८४२ च्या सुमाराला. सांगलीचे राजे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी ते बघितलं आणि विष्णुदास भाव्यांना सांगितलं की असं काहीतरी आपल्या मराठीत करा. १८४३ ला सीतास्वयंवर झालं, आणि आज ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन करतो. आता सांग, आयडिया कुणाची? कानडी मंडळींची, राजाची, का भाव्यांची? आपण सांगलीला नाट्यपंढरी म्हणतो ते पदं लिहिणाऱ्या आणि माणसं गोळा करून तालमी घेणाऱ्या माणसामुळं.

साताऱ्याकडं बघायचं तर भिलार आहे. पाचगणीजवळचं स्ट्रॉबेरीचं गाव, ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरनं सुचलं हे कुणी लपवलं नाही, उलट अभिमानानं सांगत होते. पण हे-ऑन-वाय म्हणजे जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं गाव, तिथं विक्री चालतीय. भिलारला लोकांनी स्वतःच्या घरात, देवळात, शाळेत पंचवीसेक ठिकाणी पुस्तकं ठेवली, या आणि बसून वाचा. आयडिया उचलली आणि उचलताना ती पूर्ण वेगळीच होऊन बसली. बहुतेक "चोऱ्या" अशाच होतात, हातात येईपर्यंत मालाचा रंग बदललेला असतोय.

बरं, आता मुख्य मुद्द्यावर येतो. सांगू का नको यापेक्षा काय सांगायचं यात लोक जास्त चुकतात. सगळे जण ॲप सांगतात. "असं ॲप आहे, त्यात लॉगिन आहे, मग डॅशबोर्ड आहे, मग एआय आहे". ऐकणारा मान डोलावतो, "भारी आहे" म्हणतो आणि जातो. ज्याला सांगायचं त्याला अडचण सांग, ॲपचं नाव पण काढू नको.

हे मला २०१९ च्या पुरानंतर कळलं. त्या ऑगस्टला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तिथली इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५, म्हणजे विचार कर. पूर ओसरल्यावर मी झपाटलेलाच होतो, म्हणलं नकाशा करायचा, आयर्विनला इतके फूट झालं की कुठल्या गल्लीत कुठपर्यंत पाणी, सगळं रंगवून, मोबाईलवर, घरावर बोट ठेवलं की सांगणार. दोन महिने रात्री बसून कंटूर, उंची, काय काय गोळा केलं. कुणाला सांगितलं नाही, कारण मोठी आयडिया! मग एकदा ऑफिस हलवताना सामान न्यायला एक टेम्पोवाले काका आले, दत्तनगरकडचे, पुरात त्यांचा टेम्पो चार दिवस लोकांचं सामान काढत फिरत होता. त्यांना सहज म्हणून नकाशा दाखवला. काकांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "पाणी कुठवर येतंय ते आमाला म्हाईतच हाय की. सूर्यवंशी प्लॉटात आलं की मग कुठं, मग कुठं, हे पोरगं बी सांगंल. आमाला ह्ये सांगा, आज रात्री झोपू का सामान काढू?"

झालं. दोन महिन्यांचं काम एका वाक्यात खाली बसलं. लोकांकडं नकाशा होता, डोक्यात, पिढ्यान्‌पिढ्या. नव्हतं ते म्हणजे पुढच्या काही तासांत काय होणार हे एका ओळीत, झोपायच्या आधी, त्यांच्या भाषेत. कोयनेतनं किती सोडलं, वारणेला किती आहे, पाऊस कुठं आहे हे आकडे निघत असतात, पण ते क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी असे, असतात आणि माणूस विचारतो "आयर्विनला किती?". मग २०२१ ला परत पाणी चढलं तेव्हा मी आणि दोघा मित्रांनी नकाशा-बिकाशा काही केलं नाही, सरकारी आकडे बघून व्हॉट्सॲपवर तीन-तीन तासांनी दोन ओळी टाकायचो, आत्ता किती फूट आणि मागच्या तीन तासांत किती इंच चढलं. एवढंच. अंदाज सांगायचा नाही हे आधीच ठरवलं होतं, कारण चुकला तर कुणाचा तरी संसार भिजतोय. इंचाचा वेग दिसला की लोक स्वतः ठरवतात, सामान काढायचं का नाही ते. आता ते काका जर मला दोन महिने आधी भेटले असते तर… जाऊ दे.

आता मोठ्या लोकांचं उदाहरण पाहिजे असंल तर टिम बर्नर्स-लीनं मार्च १९८९ ला सर्नमध्ये, म्हणजे जिनिव्हाजवळच्या अणुसंशोधन संस्थेत, जो प्रस्ताव दिला तो काढून वाच, नेटवर आहे. वेब म्हणून आज जे आहे त्याचा पहिला कागद. त्यात सुरुवातच अडचणीनं आहे, की इथं माणसं साधारण दोन वर्षं राहतात आणि निघून जातात, मग माहिती हरवते, कुणी काय केलं होतं ते शोधता येत नाही. उपाय त्यानंतर. त्याच्या साहेबानं त्या कागदावर "धूसर आहे पण उत्सुकता वाटावी असं आहे" अशा अर्थाचा शेरा मारला होता. धूसर असून सुद्धा पुढं सरकलं कारण अडचण साहेबाला रोज दिसत होती.

आणि उशाहिदी, लोकांनी कळवलेल्या घटना नकाशावर दाखवणारी साईट. हे मला जास्त आवडतं. केनियात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर दंगली पेटल्या, बातम्यांवर बंधनं आली. ओरी ओकोल्लोह नावाची वकील बाई, ब्लॉग लिहायची, तिनं जानेवारी २००८ च्या पहिल्या आठवड्यात लिहिलं की हिंसा कुठं कुठं होतीय हे गूगलच्या नकाशावर दाखवणारं काहीतरी कुणी टेक्नॉलॉजीवाला करंल का. बस. बनवलेलं काही नाही, प्रेझेंटेशन नाही, एक ओळ. थोड्याच दिवसांत काही प्रोग्रामर जमले आणि साईट उभी राहिली, लोक एसएमएसनं कळवायला लागले. पुढं २०१० च्या हैतीच्या भूकंपात तेच सॉफ्टवेअर वापरलं गेलं. ती बाई जर "आधी एनडीए करा" म्हणत बसली असती तर काय झालं असतं तूच सांग.

आता तुझ्या दोन आयडियांकडं.

बेदाणा. तू म्हणतोस "रोजचा भाव दाखवणार". भावा, कुठल्या मालाचा भाव? हिरवा, पिवळा, काळा, त्यात परत दाण्याचा आकार, चकाकी, ओलावा. सौद्याला व्यापारी बॉक्स उघडून हातात घेऊन बघतो, एकाच शेतकऱ्याच्या दोन ढिगांना दोन भाव लागतात. तू साईटवर एक आकडा टाकलास की संध्याकाळी शेतकरी अडत्याशी भांडायला जाणार, "साईटवर तर इतका दाखवलाय", आणि अडत्या दुसऱ्या दिवसापासनं तुला आकडाच देणार नाही. हे मला कुठनं माहीत? कारण ही आयडिया माझ्या लाल वहीत २०१३ ची आहे! तीन वर्षं दाबून ठेवली आणि शेवटी एका ओळखीच्या अडत्याला सांगितली तर त्यानं दहा मिनिटांत हे सगळं सांगितलं. म्हणजे आयडिया वाईट नाही, प्रश्न चुकीचा आहे. शेतकऱ्याला "भाव किती" पेक्षा "माझ्यासारखा माल आज कितीला गेला" हे पाहिजे असतंय, म्हणजे फोटोसकट. आणि दुसरं म्हणजे आज विकू का कोल्ड स्टोरेजला ठेवू. हे दोन प्रश्न घेऊन पाच शेतकरी, दोन अडते, एक कोल्ड स्टोरेजवाला, एवढ्यांना भेट, साईटचं नाव न काढता. मग माझ्याकडं ये, किंवा येऊ पण नको, तुलाच कळंल.

ओव्या. हे सांगितलंस ते लई बरं केलंस, कारण हे काम झालेलं आहे आणि प्रचंड झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतनं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त, आणि आता त्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, गावाकडच्या गोष्टी जपणारी संस्था) साईटवर आवाज, मजकूर, भाषांतर असं करून येतात. तू गुपचूप वर्षभर रेकॉर्डिंग करत फिरला असतास आणि मग कुणीतरी लिंक पाठवली असती, तेव्हा कसं वाटलं असतं? मला असं दोनदा झालंय, जेवण जात नाही दोन दिवस. पण याचा अर्थ बंद कर असा नाही. ते ऐक, आणि मग बघ की तुझ्या आजीच्या गावातलं त्यात काय नाही. कदाचित ओवीच्या मागं असलेली बाई त्यात नाही, ती आता काय करतीय, जातं कुठं आहे, सुनेला ओवी येती का. तीन भाग कर, मोबाईलवर, आजी आणि तिच्या मैत्रिणी, गावातल्याच लोकांना पाठव. किर्लोस्करवाडीला १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं ते कारखान्याचं घरगुती पत्रक म्हणून, नांगर करणाऱ्या लोकांचं, आणि त्याचंच पुढं अख्ख्या महाराष्ट्रात वाचलं जाणारं मासिक झालं. आधी आपल्या वाडीला आवडू दे.

कायद्याचं विचारलंस म्हणून तेही सांगतो, मी वकील नाही पण एकदा पोळलोय म्हणून वाचलंय. आपला कॉपीराईटचा कायदा १९५७ चा, तो मांडणीला संरक्षण देतो, नुसत्या कल्पनेला नाही. १९७८ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. एका नाटककारानं आपलं नाटक सिनेमावाल्यांना वाचून दाखवलं होतं, नंतर त्याच विषयाच्या जवळ जाणारा सिनेमा आला, तो कोर्टात गेला आणि हरला. विषय, कल्पना, कथानकाचा गाभा यावर कुणाची मालकी नसते, नक्कल मांडणीची झाली पाहिजे, असं कोर्ट म्हणालं. पेटंटचं पण स्वप्न बघू नको, पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्राम बाहेर ठेवलेत.

पण याची दुसरी बाजू आहे आणि मीडियाच्या आयडियेला ती जास्त लागू होती. मुंबई हायकोर्टाचा २००३ चा निकाल, झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स. यात मालिकेची कन्सेप्ट नोट सविस्तर लिहून, विश्वासानं चॅनेलला दिलेली होती, आणि कोर्टानं ती गोपनीय माहिती म्हणून धरली, देणाऱ्याच्या बाजूनं मनाई कायम ठेवली. फरक लक्षात घे, तिथं कागद होता, तपशील होता, आणि विश्वासानं दिलं होतं हे दाखवता येत होतं.

माझ्याकडं कागद नव्हता. दहा-बारा वर्षांमागं एका लोकल चॅनेलच्या माणसाला मी तेरा भागांचा कार्यक्रम चहा पिता पिता तोंडी सांगितला होता, भागांची नावं, पाहुणे, शेवटी काय करायचं, सगळं. सहा महिन्यांनी टीव्ही लावला तर तोच, पाहुण्यांसकट, अँकर दुसरा. फोन केला तर म्हणाला "अरे ते आमच्या डोक्यात आधीपासनंच होतं". मी काय दाखवणार, चहाचं बिल? तर हे असं होतंय, होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण बघ, चोरीला गेली ती आयडिया नव्हे, तयार तेरा भाग गेले. मी अर्धं काम फुकट करून हातात दिलं होतं.

म्हणून माझा आता हिशोब असा आहे. अडचण आणि तिच्यावरची एक ओळ, हे कुणालाही, कुठंही, मोठ्यानं. सविस्तर मांडणी, म्हणजे भागांची यादी, स्क्रीनची चित्रं, स्क्रिप्ट, हे लिहून काढायचं, तारखेसकट, आणि ज्याला द्यायचं त्याला ईमेलनं द्यायचं, वर एक साधं वाक्य, "हे तुमच्याबरोबर काम करायच्या विचारानं पाठवतोय, गोपनीय समजावं". स्क्रिप्ट असंल तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं मेंबर होऊन रजिस्टर पण करता येती. आणि तिसरा ढीग म्हणजे जे सांगायचंच नाही. ते आयडियेत नसतंच. तुझ्या शेतकऱ्यांची फोन नंबरांची यादी, रेकॉर्डिंगच्या मूळ फाईली, कुणी विश्वासानं सांगितलेली घरची गोष्ट. ती माणसांची आहे, तुझी पण नाही. हां, आणि डोमेनचं नाव, ते सांगायच्या आधी घेऊन टाक, नाव उचलायला दोन वर्षं झिजावं लागत नाही, दोन मिनिटं पुरतात.

एनडीए? कामाला माणूस ठेवलास, सोर्स कोड दिलास, तर कर की. पण नुसती आयडिया ऐकायला कुणी जाणता माणूस सही करणार नाही, मी पण करत नाही. कारण तू जे सांगणार त्यासारखं काहीतरी माझ्या वहीत आधीच असलं तर? मग मी माझंच काम करायचं नाही का? स्टॅम्प पेपर पुढं सरकवलास की समोरचा उठून जातो आणि जाताना टेम्पोवाल्या काकांसारखं तुझ्या कामाचं एक वाक्य पण घेऊन जातो.

कुणाला आधी सांगायचं, तर माझा क्रम उलटा असतोय. मित्रांना शेवटी. मित्र "भारी" म्हणतात. आधी ज्याचं नुकसान होऊ शकतं त्याला, तुझ्या बाबतीत अडत्या. मग ज्यानं असलं काहीतरी करून बंद केलंय त्याला, हा माणूस शोधायला कष्ट पडतात पण तो सोनं आहे, फक्त त्याला "का बंद पडलं" असं विचारू नको, "शेवटचे दोन महिने काय चाललं होतं" असं विचार, मग तो बोलतोय. प्रोग्रामर मित्राला सगळ्यात शेवटी, कारण तो लगेच कुठला डेटाबेस घ्यायचा यावर जातो आणि रात्रीचे दोन वाजतात.

आणि जी आयडिया तू स्वतः पुढच्या वर्षभरात करणार नाहीस ती सरळ देऊन टाक. मी लाल वहीतली एक आत्ता देतो, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी, माझं नाव पण नको. कुस्ती मैदानांचं कॅलेंडर. आपल्याकडं जत्रा सुरू झाल्या की रोज कुठं ना कुठं मैदान असतंय, पोस्टर व्हॉट्सॲपवर फिरतं, आणि इस्लामपूरच्या तालमीतल्या पोराला विट्याकडं मैदान होतं हे दुसऱ्या दिवशी कळतंय. गाव, तारीख, मोठ्या जोडी, इनाम, एवढं एका ठिकाणी पाहिजे. मी कुठं अडकलो तेही सांगतो. पोस्टर म्हणजे फोटो, त्यातला मजकूर मशीनला नीट वाचता येत नव्हता कारण अक्षरं पैलवानांच्या छातीवर छापलेली असतात, आता कदाचित येईल. दुसरं म्हणजे बऱ्याच जत्रा तिथीनं असतात, पोस्टरवर कधी कधी नुसतं "यात्रेच्या दुसऱ्या दिवशी" एवढंच. आणि तिसरं, मी ज्या वस्तादांना विचारलं ते म्हणाले तारीख नको, तारीख आम्हाला कळतीय, मागच्या वर्षी त्या गावानं इनाम खरंच दिलं का नाही ते लिहा. ते मला लिहायचं धाडस झालं नाही.